पांडुअण्णांनी दिलेलं उत्तर

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात सकाळ व्हायची ती पांडुअण्णांच्या आवाजाने. रेडिओ अप्पांच्या खोलीत उंच फळीवर ठेवलेला असे आणि त्याच्यावर आईने विणलेला रुमाल. आई त्या वेळी मडीत असायची. सोवळ्याला आम्ही इकडची मंडळी मडीच म्हणत आलो. मडीत असताना रेडिओला हात लावायचा नाही, म्हणून स्वयंपाकघरातून हाक यायची, "इंदे, लाव गं, वेळ झाली." मी स्टुलावर चढून खुंटी फिरवायची. आधी खरखर, मग निवेदकाचं कानडी, आणि मग तो आवाज. एक पद कानडी, एक मराठी. आई कोसंबरीसाठी भिजवलेली मुगाची डाळ निथळत असेल तर हात तसाच धरून उभी राहायची, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत यायचं. "बाकीचे देवाला हाका मारतात," ती म्हणायची, "हा देव शेजारी बसलाय असं समजून बोलतो."

आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात निम्मी कानडी मिसळलेली. पुण्याहून पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसायचे. पांडुअण्णा आमच्यातलेच, पलीकडच्या गल्लीत राहणारे, आणि तरी साऱ्या गावाचे. त्यांच्या तबकड्या घरोघरी होत्या. फळवाल्याच्या दुकानात देवांच्या तसबिरींच्या रांगेत त्यांचा फोटो असायचा. ते रस्त्याने चालत असले तर सम्पिगे रस्त्यावरची बस थांबा नसताना थांबायची आणि कंडक्टर खाली उतरून, "अण्णा, या ना," म्हणायचा. रामनवमीच्या मांडवात ते गायला बसले की माणसं झाडांवर, कुंपणाच्या भिंतींवर. गुळाच्या पानकाचे पेले हातात तसेच राहायचे. अप्पा त्या रामनवमी मंडळीचे सेक्रेटरी होते, आणि वर्षभर बँकेत खाली मान घालून काम करणारा हा माणूस त्या दिवसांत जरा उंच झाल्यासारखा वाटायचा.

पांडुअण्णांच्या मागे तंबोरा घेऊन बसायचे ते मेष्ट्रु. त्यांचं खरं नाव नारायण, पण शाळेत चित्रकला शिकवत म्हणून सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणत, म्हणजे मास्तर. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, समुद्राकडच्या गावचे. माझ्या जन्माच्या आधीपासून दोघं एका घरात राहत. मी त्या घरी गाणं शिकायला जायची. शिकवणी संपली की मेष्ट्रु नीर दोसे करून वाढायचे, तांदळाचे, इतके पातळ की पलीकडची केळीच्या पानाची शीर दिसावी. सोबत गूळ घातलेलं ओलं खोबरं. पांडुअण्णा जेवताना मेष्ट्रुंच्या पानातली मिरची हळूच उचलून बाजूला ठेवायचे, कारण त्यांना पित्त होतं. आमच्या घरी आई अप्पांसाठी असंच करायची. संक्रांतीला बायका तीळगुळाचा डबा पाठवायच्या तो त्या घरी दोघांत एकच. मी लहान असताना एकदा आईला विचारलं होतं, "मेष्ट्रु पांडुअण्णांचे कोण?" आई तांदूळ निवडत होती. "मेष्ट्रु मेष्ट्रु आहेत," ती म्हणाली, आणि खडा उचलून बाहेर टाकला.

हे सगळं मी आता लिहिते तेव्हा मला वाटतं, त्या गल्लीत एकालाही काही ठाऊक नव्हतं असं नव्हतंच. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते कुणाच्या तोंडात नव्हतं.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते आणि माझ्या बाकावर विमला बसायची. तिच्या केसांना शिकेकाईचा वास यायचा. रस्ता ओलांडताना ती माझं मनगट धरायची आणि पलीकडे पोचल्यावर सोडायला विसरायची. ती एक दिवस आली नाही तर मला कॉलेजची इमारत परकी वाटायची. मैत्रिणी लग्नाच्या गप्पा मारायच्या आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोरच्या चित्रात स्वतःला बसवून बघायची, बसायचंच नाही. या वाटण्याला माझ्यापाशी नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं तोवर भीतीही नव्हती.

फाल्गुनात एका कानडी साप्ताहिकाचा माणूस पांडुअण्णांकडे आला. रामनवमी जवळ आली की असे लेख यायचेच. त्याने भक्तीबद्दल विचारलं, गुरूंबद्दल विचारलं आणि शेवटी सगळे विचारतात तसं विचारलं: रामाच्या सेवेत संसार राहून गेला, याचं वाईट वाटतं का? पांडुअण्णांनी दिलेलं उत्तर त्याने जसंच्या तसं छापलं. "संसार राहिला कुठे? मेष्ट्रुंबरोबर माझा संसार चाललाय की. नवरा-बायकोचा असतो तसाच. रामाला ठाऊक आहे, तुम्हालाही असू दे." वर दोघांचा ओसरीवरचा फोटो.

अप्पांनी ते पान वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि अंक न्हाणीघराच्या चुलीत घातला. तो पेटेपर्यंत ते उभे होते. मी दारातून बघत होते. मला समजलं होतं की जे माझ्यात आहे ते जगात इतरही कुणात असतं. आणि त्याच क्षणी हेही समजलं होतं की ते चुलीत घालायचं असतं.

त्या दिवसांत आमच्या मठाच्या स्वामींचा मुक्काम गावात होता. संध्याकाळी प्रवचन असायचं. आई, अक्का आणि मी बायकांच्या बाजूला बसलो होतो. अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तिचे सासरे मठाचे मोठे शिष्य, पुढच्या रांगेत. स्वामी ओरडून बोलले असते तर मी एवढी घाबरले नसते. ते अगदी मऊ आवाजात बोलत होते, आजारी मुलाला औषध पाजताना बोलतात तसं. नाव त्यांनी घेतलं नाही. "कलशाला तडा गेला की त्यातलं तीर्थ तीर्थ राहत नाही," ते म्हणाले. "ज्या गळ्याने रामनाम घेतलं त्याच गळ्याने कुणी पापाचा गौरव केला, तर ते नाम ऐकणाराही त्या पापाचा वाटेकरी. अशा घराशी ज्यांचा संबंध, त्यांना मठातून तीर्थ मिळणार नाही." शेजारची बाई हुंदके देऊन रडायला लागली. तिच्या घरी पांडुअण्णांच्या सगळ्या तबकड्या होत्या. मला रडू येत नव्हतं. माझ्या कपाळावर काही लिहिलंय आणि स्वामींनी नजर इकडे वळवली तर त्यांना ते वाचता येईल, असं वाटून मी अक्काच्या पाठीआड सरकले.

दुसऱ्या दिवशी मंडळीची बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली. मी कॉफीचे लोटे घेऊन गेले आणि एकेकापुढे ठेवत गेले. मग एक म्हातारे सभासद म्हणाले, "अरे, पण आपल्याला काय माहीत नव्हतं का हे?"

"माहीत असणं वेगळं, राव," दुसरे म्हणाले. "त्याने तोंडाने सांगितलं. आता आपल्याला माहीत नाही असं म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत."

"दुसरा गवई बघू," अप्पा हळूच म्हणाले. "माझ्या मुलीचं लग्न आहे." त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. कॉफी निवून गेली.

माझा तंबोरा पांडुअण्णांकडे होता, तारा बदलायला दिलेला. अक्काच्या सासरची माणसं भेटायला यायची होती आणि त्यांनी विचारलं असतं की धाकटी गाणं कुणाकडे शिकते. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, आईने मला हळूच सांगितलं, "जा, तंबोरा घेऊन ये. तोंडाने काही बोलू नकोस. घे आणि ये." तिच्या हातात भाजीचं पातेलं होतं आणि ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

त्या घराचं दार नेहमी उघडं असायचं, ते त्या दिवशी लोटलेलं होतं. आत मेष्ट्रु नीर दोसे घालत होते. पांडुअण्णा झोपाळ्यावर. "तंबोरा न्यायला आलीस ना?" ते म्हणाले. मी मान हलवली. "ने हो. तुझ्या आईचं बरोबर आहे. पण जुळवून देतो, थांब. बेसूर नेऊ नये." ते खाली बसून खुंट्या पिळायला लागले, आणि पहिली तार बोलली न बोलली तोच लांबून झांजांचा आवाज आला.

रामनामाचं भजन म्हणत माणसं येत होती. दुसरं काही म्हणत आली असती तर मला कळलं असतं की धोका आहे. पण ते नाम मी पाळण्यात असल्यापासून ऐकत होते, ते ऐकलं की हात आपोआप जोडले जायचे, आणि तेच नाम गल्लीच्या तोंडाशी येऊन मोठं मोठं होत फाटकाशी थांबलं. पांडुअण्णांनी मान जराशी तिरकी करून ऐकलं. "वरचा सा लागत नाही त्यांना," ते म्हणाले. मग काच फुटली.

मेष्ट्रुंनी मला ओढून स्वयंपाकघरात नेलं आणि वाटणाच्या दगडी रगड्याच्या मागे बसवलं. तव्यावरचा दोसा करपायला लागला. तो उतरवायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. खिडकीच्या लाकडी झडपेतून मला फाटक दिसत होतं. फळवाला होता. बसचा तो कंडक्टर होता. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या बैठकीला आलेल्यांतले दोघं होते. आणि माझा सख्खा मामा होता, रघूमामा, ज्याने मला सायकल शिकवताना पाठीमागून धरून मैदानभर पळत नेलं होतं. मामाच्या हातात दगड नव्हता. तो टाळ्या वाजवत होता.

नाम थांबलं आणि ओरडा सुरू झाला. "अण्णा, बाहेर या! खोटं छापलं म्हणून सांगा!" कुणी तरी अक्षरशः रडत होता: "एवढं म्हणा, अण्णा, आम्ही लगेच जातो. स्वामींच्या पायावर डोकं ठेवा. त्या माणसाला गावी पाठवा. मांडवात तुम्हीच गायचं!" मला त्या दगडांपेक्षा त्या रडण्याची जास्त भीती वाटली. ती माणसं त्यांच्यावर प्रेम करत होती, आणि त्या प्रेमापोटीच ती त्यांना मारायला तयार होती.

"म्हणून टाक, पांडू," मेष्ट्रु म्हणाले. एरवी ते चारचौघांत 'पांडुराव' म्हणायचे. 'पांडू' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "काय बिघडतं? मी जातो गावी थोडे दिवस. म्हण खोटं आहे."

"बिघडतं," पांडुअण्णा म्हणाले. त्यांनी तंबोरा भिंतीला नीट टेकवला, उपरणं सारखं केलं आणि दार उघडून ओसरीवर गेले. त्यांचा पाय उंबऱ्यावर अडखळला, ते मी बघितलं. ते शूर नव्हते; घाबरलेलेच होते. "छापलंय ते बरोबर आहे," ते म्हणाले. गाण्यात जो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो त्या वेळी जेमतेम फाटकापर्यंत गेला असेल. दगड कुणी मारला ते कळलं नाही. तो भुवईवर लागला आणि त्यांचा अर्धा चेहरा एकदम लाल झाला.

रक्त बघून गर्दी स्वतःच दचकली. त्या शांततेत मला गर्दीच्या मागच्या बाजूला एक हालचाल दिसली. माणसं बाजूला होत होती, अंग चोरत, एकमेकांना मागे रेटत. मधून माझी आई येत होती. कुणी तरी तिला जाऊन सांगितलं असावं. ती स्वयंपाकातून उठून तशीच आली होती, मडीच्या रेशमी लुगड्यात, अनवाणी. मडीतल्या बाईला शिवायचं नाही, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला त्याच्या आईने शिकवलेलं होतं. हातात दगड असलेल्यांनीही तिला वाट दिली. ती ओसरी चढली. ज्या घराला शिवायचं नाही असं ठरलं होतं त्या घराच्या घंगाळात तिने पदराचं टोक बुडवलं आणि ते पांडुअण्णांच्या कपाळावर दाबून धरलं. परक्या पुरुषाला, भर दुपारी, मडीत, सगळ्यांच्या देखत. मग तिने पदर काढून मेष्ट्रुंनी आणलेला पंचा तिथे लावला, त्यांचा हात धरून जखमेवर ठेवला, "दाबून धरा, मेष्ट्रु," म्हणाली आणि मला हाक मारली.

आम्ही दोघी फाटकातून बाहेर पडलो. मामाजवळून जाताना ती थांबली. "रघू, घरी जा. जेवायची वेळ झाली," एवढंच म्हणाली. मामा गेला. हळूहळू बाकीचेही गेले. तंबोरा आणायचा राहिला.

वाटेत मला वाटत होतं की माझी आई जगातली सगळ्यात निर्भय बाई आहे. घरी पोचल्यावर तिने न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या डोक्यावर गार पाण्याच्या घागरी ओतल्या, आणि मग मलाही तिथेच बसवून ओतल्या. तिचे दात वाजत होते. मला वाटलं पाण्याने. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "इंदे, विमलाबद्दल मला काही विचारायचं नाही," ती म्हणाली, "आणि तूही मला काही सांगायचं नाहीस. मला नाही, अक्काला नाही, देवापुढे मोठ्याने नाही. कधीच नाही. ऐकलंस?"

मी तिच्यापाशी विमलाचं नाव क्वचितच काढलेलं. माझ्या कपाळावरचं वाचता येणारी माणसं घरातच होती, हे मला तेव्हा कळलं. "ऐकलं," मी म्हणाले. ती माझं डोकं पुसत राहिली, केस कोरडे झाल्यावरही पुसत राहिली. तिची बोटं थांबत नव्हती. ती भ्यायलेली होती, दगडांना भ्यायली नव्हती इतकी भ्यायलेली होती, आणि ती माझ्यासाठी.

अक्काचं लग्न पार पडलं. त्याआधी आईला मठात जाऊन प्रायश्चित्त घ्यावं लागलं. बायकांच्या घोळक्यात तिने पंचगव्य घेतलं आणि तोंड वाकडं न करता गिळलं. अक्काच्या सासूने कुंकू लावलं. अप्पा तिला या सगळ्यावर काही बोलले नाहीत. मात्र रामनवमीच्या मंडळीचं काम त्यांनी पुढच्या वर्षी सोडलं. लग्नाआधीच्या त्या रामनवमीला दुसरा गवई आला, चांगला होता. मांडव अर्धा रिकामा. पानक उरलं आणि ते घरोघरी वाटलं. तोवर पांडुअण्णा आणि मेष्ट्रु समुद्राकडच्या गावी निघून गेले होते, भल्या सकाळी, जटका, म्हणजे टांगा, करून. घरावर कुणी तरी शेण फासलं होतं. घरमालकाने ते धुऊन नवा भाडेकरू ठेवला. रेडिओवर मात्र पदं लागत राहिली. आवाजाला कुणी हद्दपार केलं नव्हतं.

मी शिकले, शाळेत नोकरी धरली, आणि विमलाही. राजाजीनगरात आम्ही एक छोटं घर घेतलं. दोन नोकरदार बायका, भाडं वाटून घेतात, असं लोक म्हणाले आणि आम्ही म्हणू दिलं. पलंग दोन ठेवले होते. मुलाखत घेणाऱ्यांना, मुलांच्या पालकांना, कामवालीला, सगळ्यांना द्यायची उत्तरं आम्ही आधी ठरवून ठेवायचो आणि एकमेकींची पाठांतरं घ्यायचो. आईने आमच्याकडे येऊन राहायला सुरुवात केली तेव्हाही तिने काही विचारलं नाही. विमलाला सर्दी झाली तर काढा करायची. शब्द तिने शेवटपर्यंत पाळला, आणि मीही.

पुष्कळ वर्षांनी पांडुअण्णांचा गावात सत्कार झाला. ते थकले होते, केस पांढरे, भुवईत एक खाच. शाल, फळं, समई. व्यासपीठावर मठाचे एक प्रतिनिधी होते. त्यांनी मानपत्र वाचलं: आजन्म ब्रह्मचारी राहून ज्यांनी आपला देह रामसेवेत झिजवला, वगैरे. सभागृहात टाळ्यांचा पाऊस. पुढच्या रांगेत मेष्ट्रु बसले होते, मांडीवर कोमट पाण्याचा थर्मास.

पांडुअण्णा ध्वनिक्षेपकापाशी आले. "ब्रह्मचारी नाही हं मी," ते म्हणाले. "घर आहे माझं. ते पुढे बसलेत."

मी दारं कुठे आहेत ते बघितलं. मी माणसं बघितली, कुणाच्या हातात काय आहे ते बघितलं. आणि सभागृह हसलं. प्रेमाने, मोकळेपणाने, म्हातारा माणूस गंमत करतो तेव्हा हसतात तसं. मठाचे प्रतिनिधीही हसले. पांडुअण्णा जरा वेळ तसेच उभे राहिले, हसणं ओसरायची वाट बघत, पुन्हा सांगावं की काय या विचारात. मग त्यांनी मेष्ट्रुंकडे बघितलं. मेष्ट्रुंनी मान हलवली, राहू दे अशी. ते बसले आणि गायला लागले.

गाणं छान झालं. संपल्यावर मी आणि विमला नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो आणि बसथांब्यावर भेटलो.